जावयानं घासलेले सुरे

सासुरवाडीला गेलेल्या जावयाला खरं कुणी सांगत नाही. ताटात "अजून थोडं", निघताना "ऱ्हा ना आखो दोन दिन", आणि त्यानं काही करून दाखवलं की "झकास!" धुळ्याला मी या "झकास"वर उन्हाळ्याचे बरेच दिवस काढले आणि त्यापायी माझ्या सासऱ्यांच्या उजव्या हाताचा अंगठा जाता जाता राहिला. घरात चार माणसं जमली की ही गोष्ट निघतेच. मग ती मीच सांगतो. बायकोनं सांगितली तर तिच्यात मी आणखी वाईट दिसतो.

सत्तरच्या आसपासचे दिवस होते. जळगावला एका जिनिंगमध्ये मी काट्यावर होतो, म्हणजे कापूस मोजायचा आणि कापूस संपला की घरी बसायचं. त्या वर्षी घरी बसायची वेळ आली आणि नेमका धुळ्याहून निरोप आला: आबांचा जुना कारागीर सुरतेला निघून गेला, कुणी हाताशी नाही. आबा म्हणजे माझे सासरे. सुरे बनवायचे. घरापासून दोन गल्ल्या सोडून पत्र्याची एक शेड होती. तिच्यात एक भट्टी, एक ऐरण आणि सगळ्यांत जास्त आवाज करणारा तो पट्टा.

हा पट्टा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लाकडी दोन चाकं, एक खाली मोटारीजवळ, एक वर छातीच्या उंचीला. दोघांवरून हाताच्या पंजाएवढा रुंद एमरी कापडाचा, म्हणजे घासकागदासारखा खरखरीत, पट्टा फिरतो. कापडाचा गठ्ठा मुंबईहून यायचा. तो कापून टोकाला टोक चिकटवायचं की झाला पट्टा तयार. मोटार सुरू केली की तो इतका जोरात पळतो की उभा आहे असंच वाटतं. त्याच्यावर पात्याची बाजू टेकवून धार काढायची. बघायला सोपं. मलाही सोपंच वाटलं होतं, आणि तिथंच माझं चुकलं.

सुरे असायचे केळीच्या वखारींसाठी. घड आला की त्याच्या फण्या सोडवायला वीतभराहून जरा लांब, पातळ पात्याचा सुरा लागतो. केळीचा चीक धारेला खातो, म्हणून पातं चांगलं कडक हवं. आबा पातं भट्टीत लाल करून तेलात विझवायचे. त्यालाच पात्याला पाणी देणं म्हणतात. हे पाणी मोठं लहरी असतं. पट्ट्यावर पातं जास्त दाबलं, जास्त वेळ ठेवलं, की ते तापतं, धारेवर निळा डाग येतो आणि पाणी उतरतं. डाग घासून काढता येतो, पण गेलेलं पाणी परत येत नाही. तसला सुरा वखारीत चार घडांत बोथट होतो.

मी पहिल्या दिवशी सात-आठ पाती घासली. आबा शेजारी उभे. प्रत्येक पातं हातात घेऊन उजेडाकडं धरायचे, अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "झकास शे, जवाईबापू. बठ्ठं झकास शे." बठ्ठं म्हणजे सगळं.

माणूस मग फुगणार नाही तर काय. बायकोला मी त्या रात्री सांगितलं, "उगाच काट्यावर आयुष्य घालवलं. माझ्या हातात कला आहे."

ती म्हणाली, "आबा काय म्हणाले?"

"झकास म्हणाले."

"मग ठीक," असं म्हणून ती पलीकडं वळली. तिच्या बोलण्यात काही होतं, पण मी कलावंत झालो होतो, मला ते ऐकू आलं नाही.

दुसरं काहीतरीही मला दिसायला हवं होतं. आबा चहाची बशी दोन्ही हातांनी धरायचे. धोतराचा सोगा नीट करायला त्यांना वेळ लागायचा. दाढी ते आता न्हाव्याकडून करून घ्यायचे. मला वाटलं, वय झालं.

त्याच सुमारास मी जळगावला एक चक्कर टाकून आलो आणि येताना पराक्रम करून आलो. तिथले एक शेटजी, राजस्थानातून आलेलं जैन घराणं, लोखंडी सामानाचं मोठं दुकान. केळीच्या वखारवाल्यांना माल तेच पुरवायचे. त्यांच्याकडून आबांसाठी सुऱ्यांची मोठी ऑर्डर घेतली. शेटजींनी एकच गोष्ट सांगितली, "आमच्या मालाला चरबी लागता कामा नये. कशालाच नाही."

मी छाती पुढं काढून म्हणालो, "शब्द दिला."

पट्ट्याला चरबी लागते हे मला माहीत होतं. ती कशासाठी लागते हे माहीत नव्हतं. अधूनमधून चरबीचा गोळा पट्ट्यावर टेकवला की पट्टा मऊ धावतो, पातं कमी तापतं, हाताला झटके बसत नाहीत. मेण चालेल का, हे मी विचारून आलो होतो. तेही त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. म्हणजे सगळा माल कोरड्या पट्ट्यावर काढायचा.

हे सांगितलं तेव्हा आबांनी पट्ट्याजवळचा चरबीचा गोळा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही शब्द दिधा ना? मग करू."

कोरडा पट्टा कुत्र्यासारखा असतो. जरा कोन चुकला की पातं तोंडात धरून ओढतो. माझं काम मात्र, आबांच्या मते, झकासच चाललं होतं. मी सकाळी पाती घासायचो, घासलेली पाती डाव्या हाताच्या लाकडी खोक्यात ठेवायचो. दुपारी बारा वाजले की आबा म्हणायचे, "चला, जेवाले चला. ऊन शे." घरी ताटात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी, तिच्यावर तूप, वांग्याचं भरीत. जेवण झालं की पुढच्या खोलीत जावयासाठी गादी घातलेली. "तुम्ही पडा जरा," असं म्हणून आबा बाहेर जायचे. कुठं जातात हे मी कधी विचारलं नाही. तूप पोटात गेलेला जावई विचार करत नाही.

माझ्या सासूबाई माझ्याशी सरळ बोलत नसत. डोक्यावरचा पदर पुढं ओढून दाराआडून मुलीशी बोलायच्या आणि ते मी ऐकायचं, अशी आमची पद्धत. एका दुपारी मी गादीवर पडलो होतो, डोळे मिटलेले. आतून आवाज आला. नेहमीपेक्षा मोठा.

"माय, काही लोके दुपारले झोपतस. आन तुना बाप एकला मशीनवर जास."

बायको म्हणाली, "हळू बोल. ते झोपलेत."

"झोपू दे ना. मी कोठे त्यास्ले काही सांगी ऱ्हायनू? मी तुले सांगस. सकाळनं काम दुपारले परत करनं पडस. हात तर असा थरथर करस. अंगठा जाई तवय समजी बठ्ठास्ले."

मी उठून बसलो. तूप उतरलं.

दोन गल्ल्या. भर उन्हात रस्त्यावर कुणी नव्हतं. शेड जवळ आली तसा पट्ट्याचा आवाज ऐकू यायला लागला. दार अर्धं उघडं होतं. मी आत डोकावलो आणि तिथंच थांबलो.

आबा पट्ट्यापुढं उभे होते. उजव्या हातात माझं सकाळचं पातं. त्या हाताचं मनगट डाव्या हातानं गच्च धरलेलं, लहान मूल पळून जाऊ नये म्हणून धरतात तसं. तरीही हात थरथरत होता. उजवा अंगठा पात्याच्या पाठीवर, धारेपासून बोटभर अंतरावर. पात्यावर अंगठा उघडाच ठेवावा लागतो, कारण पातं किती तापलं हे अंगठाच सांगतो. हातमोजे घातले तर ते कळत नाही, आणि पट्ट्यानं मोजा पकडला तर हातासकट ओढतो. पातं पट्ट्याला टेकलं की आबांचा हात एकदा खाली झुकायचा, एकदा वर जायचा, आणि प्रत्येक वेळी अंगठा पट्ट्याला लागतोय की काय असं वाटायचं.

ओरडावं असं वाटलं. ओरडलो असतो तर ते दचकले असते. मग मी काय केलं? काहीच नाही. दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो. पातं पट्ट्यावरून निघालं, पाण्याच्या बादलीत बुडालं, तेव्हा मी तसाच मागं सरकलो आणि घरी आलो.

गादीवर पडून विचार केला. डाव्या हाताचं ते खोकं तयार मालाचं नव्हतंच. जावयाचं पातं वाईट आहे हे तोंडानं सांगण्यापेक्षा आपला अंगठा पट्ट्यापुढं धरणं आबांना सोपं वाटत होतं. आणि मी जितकी जास्त पाती "झकास" घासत होतो तितकं त्यांचं दुपारचं काम वाढत होतं.

संध्याकाळी मी म्हणालो, "आबा, माझं काय चुकतंय ते सांगा. शिव्या द्या हवं तर."

आबा बिचारे लाजले. "नही नही. तुमना हात चांगला शे. जरा... पट्टाच वाईट शे."

"पट्टा वाईट नाही, आबा."

"मग पोलाद वाईट शे."

शेवटी माझ्या बायकोनंच मार्ग काढला. दुसऱ्या दिवसापासून ती शेडमध्ये येऊन माझ्या मागं उभी राहायला लागली. आबांना बोलायला कुणीतरी हवं होतं ना, मग ती होती. मी पातं दाबलं की आबा तिच्यावर ओरडायचे, "पोरी, इतलं दाबस कसाले? हात शे का हतोडा?" माझं कोपर बाहेर गेलं की, "पोरी, कोपर बरगडीले लाव!" ती गंभीर चेहऱ्यानं "हो आबा" म्हणायची. घरी आल्यावर तेच सगळं मला पुन्हा ऐकवायची, व्याजासकट. "माझा बाप मला आयुष्यात एवढं बोलला नव्हता. तुमच्यामुळं सगळं ऐकून घेतलं."

पण काही गोष्टी अशा तिसऱ्याच माणसाच्या तोंडून शिकता येत नाहीत. हात कसा हलला हे त्याच क्षणी सांगायला लागतं. आबांचं वाक्य बायकोपर्यंत जाऊन माझ्याकडं वळेपर्यंत पात्याचं टोक गोल झालेलं असायचं. माल न्यायला शेटजींचा माणूस येणार तो दिवस जवळ येत होता. आणि रोज दुपारी आबा जातच होते. "जाऊ नका" असं म्हटलं तर म्हणायचे, "कोठे जास मी? जरा चक्कर मारी येस."

मग एका सकाळी ते घडलं.

मी एक पातं पुन्हा निळं केलं होतं. आबांनी बायकोकडं बघून मान हलवली आणि माझ्या हातून पातं घेतलं. "असं," ते म्हणाले आणि माझ्यासमोर पहिल्यांदाच पट्ट्यापुढं उभे राहिले. मी शेजारी, बायको मागं. कोरडा पट्टा, सकाळपासून चालून तापलेला. आबांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. ते माझ्यापासून लपवायचं त्यांना सुचलं नाही, किंवा आता लपवायचं राहिलं नव्हतं.

पातं टेकलं. आणि मला पट्ट्यात एक नवा आवाज ऐकू आला. टक. टक. टक. प्रत्येक फेऱ्याला एक. कापडाचा सांधा उकलायला लागला की असा आवाज येतो. चिकटवलेलं टोक सुटून वर आलेलं असतं आणि ते प्रत्येक फेऱ्यात पात्यावर आपटतं. आबांना तो ऐकू आला नाही. ते पात्याकडं बघत होते. टक टक वाढली. आबांच्या हाताची थरथर आणि पट्ट्याचे फटके आता एकमेकांत मिसळायला लागले होते. त्यांचा अंगठा पात्यावरून पुढं सरकला.

"हात काढा!" मी ओरडलो. "आबा, हात काढा! अक्कल आहे की नाही तुम्हाला?"

आणि मी त्यांच्या छातीवर हात ठेवून त्यांना मागं ढकललं. सासऱ्याला. जावयानं.

पातं त्यांच्या हातातून सुटलं, पट्ट्यानं ते घेतलं आणि आमच्या दोघांच्या मधून मागच्या पत्र्यावर नेऊन आदळलं. पट्टा फाटून चाकावर सटासट आपटायला लागला. बायकोनं धावत जाऊन खटका खाली केला. मोटार हळूहळू थांबली.

आबांनी आपला उजवा हात वर धरून बघितला. उलटा केला, सुलटा केला. पाचही बोटं होती. अंगठ्याच्या टोकाची जरा कातडी सोलली होती, एवढंच.

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"अक्कल?" आबा म्हणाले. "अक्कल मले विचारस तू? तू?"

बायकोनं पदर तोंडाला लावला.

"सकाळपासून निळं करी ऱ्हायना, आन मले अक्कल विचारस! तुना एक सुरा नीट नही. एक बी नही! टोक बठ्ठास्ना गोल. मन्हा आयुष्यात इतला येडा माणूस मी पाह्यना नही. काट्यावर कापूस मोजस तसा पट्ट्यावर भार टाकस. शेटले शब्द दि ऊना, चरबी नको म्हणे! इचारं व्हतं का मले? इचारं व्हतं?"

हे बराच वेळ चाललं. साठवलेलं सगळं बाहेर आलं. माझ्या जेवणाबद्दल, माझ्या झोपेबद्दल, लग्नात मी घोड्यावर कसा बसलो होतो त्याबद्दलसुद्धा. मधेच ते थांबले, धापा टाकत होते. त्यांनी आपल्या तोंडाला हात लावला, जणू त्या तोंडानं काय केलं हे त्यांना तेव्हा कळलं. मला ते एकेरीत बोलले होते.

मी म्हणालो, "आबा, आता 'तुम्ही' म्हणू नका. हात जोडतो."

त्यांनी फाटलेला पट्टा उचलून कोपऱ्यात फेकला. मग म्हणाले, "नवा पट्टा चढाव."

नवा पट्टा चढवताना मी खटक्याजवळचा फ्यूज काढून खिशात टाकला. दुपारी जेवायला गेलो तेव्हाही तो खिशातच होता. मी तो काढताना आबांनी पाहिलं होतं. "दे तो," म्हणाले. मी म्हणालो, "माझं एक पातं तुमच्या पसंतीला उतरेल त्या दिवशी देईन. तोवर दुपारची मोटार बंद." दाराआडून सासूबाई मुलीला म्हणाल्या, "माय, जवाईले तूप वाढ." त्या दिवशीचं तूप मी खाल्लं, पण झोपलो नाही.

पुढचे दिवस जे काही शिकलो ते शिव्या खात शिकलो. मनगटानं पातं फिरवायचं नाही, कोपरं बरगड्यांना चिकटवून अख्ख्या अंगानं कमरेतून सरकायचं. पात्याच्या टाचेपासून, म्हणजे मुठीकडच्या बाजूपासून, टोकाकडं एकाच वेगानं. टोकाजवळ आलं की कोपर किंचित उचलायचं, नाहीतर टोक गोल झालंच. पातं बुडवून काढलं की त्याच्यावर पाण्याचे थेंब राहतात. ते थेंब धारेजवळ सुकायला लागले की लगेच उचलायचं. थेंब उडेपर्यंत थांबलं की गेलंच. पट्टा कुठं लागतोय हे मला दिसत नव्हतं, म्हणून आबांनी धारेला काजळ लावायला सांगितलं. काजळ पुसलं तिथं पट्टा लागला, राहिलं तिथं नाही. आमची तान्ही मुलगी बरोबर होती, तिच्या काजळाची डबी त्यापायी संपली. बायको ते अजून काढते.

आणि आबा रिकाम्या डब्यावर बसून, दोन्ही हात मांड्यांच्या मधे दाबून धरत ओरडायचे, "कोपर! अरे, कोपर! दाबू नको, पट्टा काय तुना दुश्मन शे?"

दाबणं सोडणं सगळ्यात कठीण गेलं. घाबरलेला माणूस दाबतो. पातं निळं होईल म्हणून घाबरायचो आणि त्यानंच निळं करायचो. शेटजींचा माणूस यायच्या आदल्या दिवशी सकाळी बहुधा मी घाबरायचाच कंटाळलो होतो. पातं टेकवलं आणि त्याला त्याच्याच वजनानं राहू दिलं. ठिणग्या लांब, बारीक, सगळ्या एकसारख्या. थेंब धारेजवळ थांबून राहिलेले. टोकाला कोपर आपोआप उचललं गेलं. आबा काही ओरडले नाहीत, म्हणून मीच घाबरून थांबलो.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नही. इकडे आण."

त्यांनी पातं उजेडाकडं धरलं. पात्याचा उजेड त्यांच्या हातात थरथरत होता, पण धारेवरची रेघ सरळ होती, टाचेपासून टोकापर्यंत एकाच रुंदीची. अंगठा फिरवला. दोनदा फिरवला. मग ते उठले आणि पातं उजव्या हाताच्या खोक्यात, तयार मालात ठेवलं.

"हाई चाली," एवढंच म्हणाले.

मी मोटार बंद केली, फ्यूज काढला आणि कबूल केल्याप्रमाणे त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो घेतला नाही. ते तयार मालाच्या खोक्यात वाकून काहीतरी शोधत होते. एक पातं काढलं, दुसरं काढलं. उजेडाकडं धरून बघत होते. मग त्यातलं एक माझ्या हातात दिलं. त्या दुपारींपैकी एका दुपारी त्यांनी स्वतः घासलेलं होतं ते. मला ओळखू आलं, कारण मी गोल करून ठेवलेलं टोक त्यांनी पुन्हा घासून काढलं होतं.

"काय शे याम्हा? सांग."

माझ्या तोंडात "झकास आहे, आबा" अगदी तयार होतं. इतके दिवस मीच ते ऐकलं होतं, मला पाठ होतं. धारेची रेघ मधे रुंद, मग अरुंद, मग पुन्हा रुंद. पाण्यावर वाऱ्याची लहर येते तशी. बायको भट्टीपाशी उभी होती, तिनं मान खाली घातली.

"सांग ना."

"लहर आलीय, आबा," मी म्हणालो. "टोकाकडं जाड राहिलंय. शेटजींना देता येणार नाही."

आबांनी मान हलवली. उजवा हात त्यांनी एकदा बघितला आणि सदऱ्याच्या खिशात घातला.

"मग पाहत काय बठना?" ते डब्यावर बसत म्हणाले. "घे घासाले. आन कोपर सांभाळ."

मी फ्यूज लावला आणि मोटार सुरू केली.